कंपनीचं प्लॅस्टिक

१७ मे. लोणच्यासाठी कैऱ्या फोडायला बसले होते. मिठाचं प्रमाण विचारायला करमाडच्या जावेला फोन करायचा होता. माझा मोबाईल आत चार्जिंगला होता, म्हणून शेजारी पडलेला सासूबाईंचा उचलला. जावेचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता.

"मोठ्यानं बोल की!"

"वरडूनच बोलतेय बाई!"

आवाज पूर्ण वाढवलेला होता. उठून माझ्या मोबाईलवरून लावला, तर ती जवळ बसून बोलावी इतकं स्वच्छ ऐकू आलं. म्हणजे माझे कान ठीक होते. मग सासूबाईंचेही ठीक असणार!

सासूबाईंना मी आत्या म्हणते. संक्रांतीला नवऱ्याने त्यांना हा नवा मोबाईल घेऊन दिला आणि थोड्याच दिवसांत घराने त्यांना बहिरं ठरवलं. रोज दुपारी गंगापूरच्या बहिणीशी, म्हणजे मावशींशी, त्यांच्या गप्पा चालायच्या. त्या दोन वाक्यांवर आल्या. "बरं, ठेवते," म्हणून आत्या फोन बंद करायच्या. स्पीकर लावा म्हटलं तर म्हणायच्या, "आमचं बोलणं घरभर कशाला?" बरोबरच आहे, त्यात मीही असणार. नवरा त्यांच्या कानाशी ओरडून बोलायला लागला. सोमवारी कानाच्या डॉक्टरांची वेळही घेतली होती.

मी मोबाईल उजेडात धरला. वर काच होती, तिच्या खाली आणखी काहीतरी चमकत होतं. काचेच्या कडेत नख घातलं.

"अगं, फुटेल ना ती!" नवरा पेपर टाकून धावला.

"फुटू दे."

काच तुकडे होऊन निघाली. खाली खोक्यातून आलेलं कंपनीचं प्लॅस्टिक तसंच होतं, आवाज येतो त्या बारीक फटीवर गच्च बसलेलं. ओढून काढायला त्याला शेपूट असतं. ते यांनी कात्रीने कापलं होतं, बाहेर येतं म्हणून! मी नखानेच ते प्लॅस्टिक सोलून काढलं.

"कंपनीनं लावलेलं काढायचं कशाला? वरून काच बसवली. डबल सेफ्टी."

आमच्या घराची ही रीतच आहे. फ्रिजच्या दारावरचं प्लॅस्टिक पिवळं पडून आपोआप गळालं. टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे, प्रत्येक बटण तीनदा दाबावं लागतं. वस्तू जपायची, वापरणाऱ्याचं काय व्हायचं ते होवो.

"हा मोबाईल पडतो कुठं?" मी विचारलं. "आत्यांच्या पिशवीतून निघतो तो मांडीवर येतो आणि परत पिशवीत जातो. तुम्ही वाळूजच्या कारखान्यात मशीनवर उभे राहता, खिशात किल्ल्या, लोखंडाचा कीस. तुमच्या मोबाईलला काच हवीच, खुशाल लावा. आत्यांच्या मोबाईलला कशासाठी? आणि लावायची तर नीट तरी लावा! मोबाईलवर ओरखडा नको म्हणून आईला बहिरी केलीत."

आत्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"म्हंजी मी बहिरी नाय?"

"नाही."

"मग चार महिने माझ्या कानाशी कशाला बोंबलत व्हता रं?"

नवरा काचेचे तुकडे गोळा करत राहिला.

आत्यांनी लगेच बहिणीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. दुसऱ्यांदा तिकडून कट झाला. त्यांनी मोबाईल पिशवीत ठेवला आणि नाडी ओढली.

"आता नाय उचलायची ती. लई मानी हाय. तिला वाटतंय, शहरात ऱ्हाऊन मला माज आला. ती बोलत असायची अन् मी मधीच फोन ठेवायची."

हे मात्र काच काढून सुटणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांची वेळ रद्द केली आणि कामावर रजा कळवली. नवऱ्याची दुसरी पाळी होती, म्हणून उरलेल्या कैऱ्या आणि अडकित्ता त्याच्यासमोर ठेवले. ते काचेखालचं प्लॅस्टिक मावशींना दाखवायला पिशवीत टाकलं आणि आत्यांना घेऊन गंगापूरच्या एसटीत बसले.