सोहोनीबाईंच्या कृमीला नर हवा

जयपूरला समुद्र नाही, याबद्दल मंजुषा सोहोनींची तक्रार नव्हती. यजमानांची, म्हणजे प्रभाकररावांची, विमा कंपनीतली बदली इथं झाली तेव्हा मंजुषाबाईंना कोणी विचारलं नव्हतं. समुद्राला कोण विचारणार!

जगतपुऱ्यातल्या एका खासगी कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत, आणि उरल्या वेळात समुद्रातल्या एका शिकारी सूत्रकृमीच्या मागे असत. लांबी दीड मिलिमीटर, अंग काचेसारखं, तोंडात तीन दात, त्यातला एक चांगलाच दांडगा. वाळूच्या कणांमधून फिरायचं आणि भेटेल त्या कृमीला गिळायचं, एवढाच संसार. "सज्जन प्राणी," बाई म्हणत. "पाठीमागून बोलत तरी नाही."

गुहागरच्या वाळूत त्यांना एकच मादी मिळाली होती. नवी जात म्हणून जाहीर करायची तर नर हवा. त्याच्या शेपटीजवळच्या दोन वाकड्या सुयांवरून जात पक्की होते. मार्चअखेर बाई निवृत्त होणार होत्या, आणि सूक्ष्मदर्शक कॉलेजचा होता.

त्यांनी गुहागरच्या धाकट्या भावाकडून, बळवंतकडून, डबाभर वाळू मागवली. आली ती शुभ्र, कोरडी.

"ताई, सात पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली," बळवंत फोनवर म्हणाला. "तुझ्या कॉलेजात जाणार, बरं दिसायला नको?"

"अरे गाढवा, किडे हवे होते मला!"

"तेच म्हटलं, किडेबिडे असतील. एक राहिला नाही बघ."

दुसऱ्या खेपेला बाईंनी सांगितल्याप्रमाणे त्यानं ओल्या वाळूत फॉर्मालिन ओतून बरणी पाठवली. झाकण उघडताच प्रयोगशाळेतला द्वारका नाक धरून म्हणाला, "मॅडमजी, कौन मर गया?"

"वही ढूँढ रही हूँ," बाई म्हणाल्या.

तीन आठवड्यांत एकोणीस माद्या निघाल्या. नर नाही. अठ्ठावीस मार्चला, एका जाडजूड मादीच्या आतड्यात, दोन वाकड्या सुया दिसल्या. बाकीचा मालक पचला होता.

"सापडला का नर?" जेवताना प्रभाकररावांनी विचारलं.

"सापडला."

"वा! कुठे?"

"बायकोच्या पोटात."

प्रभाकररावांनी पुढचा भात मागितला नाही.

एकतीस तारखेला बाईंनी सूक्ष्मदर्शक पुसून परत केला. टिपणात 'नर' या मथळ्याखाली लिहिलं: मिळाला नाही. त्याखाली, 'आहार' या मथळ्यासमोर: नर.