सगळ्यांचा वाढदिवस

कॉलेजच्या ऑफिसला खिडक्या तीन होत्या, पण विद्यार्थी नुसतं ‘खिडकी’ म्हणत ते मधलीला. तिथे दाखले मिळत, किंवा मिळत नसत. त्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळं कॉलेज दाखलेबाई म्हणायचं. वय बावन्न, नोकरी एकोणतीस वर्षं, आणि अर्ज वाचायची पद्धत अशी की समोरच्याला घाम फुटावा. ओळीवर बोट ठेवून त्या सावकाश खाली यायच्या आणि बोट थांबलं की बोलायच्या. “सही आहे, तारीख नाही. सही कधी केली ते आम्ही स्वप्नात बघायचं का?”

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं आणि बाईंच्या सुखाला दृष्ट लागली. ते आपलं बरं चालायचं, पण मधेच पडद्यावर एक वाक्य यायचं : ‘काहीतरी चुकले आहे. नंतर प्रयत्न करा.’ बाईंना त्या वाक्याची चीड होती. काहीतरी म्हणजे काय? नंतर म्हणजे कधी? आपण खिडकीत बसून असं उत्तर दिलं असतं तर पोरांनी खिडकी काढून नेली असती. दोन वर्षं सोसल्यावर त्यांनी सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन केला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला आणि म्हणाला, “मॅडम, ते सर्व्हरकडून येतं.”

“मग त्यांना फोन द्या.”

पलीकडच्याने तक्रार क्रमांक दिला आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर कागद लागला. कर्मचाऱ्यांना कॉलेजचा एक अभ्यासक्रम मोफत करता येणार होता. यादीत सातव्या क्रमांकावर होतं ‘सर्व्हर-साइड वेब प्रोग्रामिंग’, बुधवार आणि शुक्रवार, बारा ते एक. बारा ते एक खिडकी बंदच असायची. बाईंनी अर्ज भरला, स्वतःच तपासला, आणि एक चूक काढून पुन्हा भरला.

शिकवणारे सर वयाने तिशीचे आणि याच कॉलेजात शिकलेले. पहिल्या तासाला पहिल्या बाकावर दाखलेबाई दिसल्या आणि सरांचा हात आपसूक खिशातल्या ओळखपत्राकडे गेला. विद्यार्थी असताना बाईंनी त्यांना एकाच दाखल्यासाठी तीनदा परत पाठवलं होतं. एकदा फोटोत कान दिसत नाहीत म्हणून, एकदा जरा जास्तच दिसतात म्हणून, आणि एकदा कारण न सांगता.

“बसा, बसा,” सर उभ्याउभ्याच म्हणाले. बाई बसलेल्याच होत्या.

बाईंच्या शेजारी एक चष्मेवाली मुलगी बसायची. हुशार, पण इतकं हळू बोलायची की तिला काय येतं ते तिच्या चष्म्यालाच ठाऊक. ती बाईंना काकू म्हणू लागली आणि पाहतापाहता सगळा वर्ग काकू म्हणू लागला.

सरांनी समजावायला सुरुवात केली. तुमच्या फोनमधून मागणी निघते, सर्व्हरकडे जाते, सर्व्हर ती तपासतो, आतल्या डेटाबेसमधून माहिती काढतो आणि उत्तर परत पाठवतो. वर्गाचे चेहरे कोरे. बाईंनी हात वर केला.

“म्हणजे मीच की.”

“कोण?”

“सर्व्हर. पोरगं खिडकीवर येतं, अर्ज देतं. मी तपासते, आत कपाटाकडे जाते, कागद काढते, खिडकीतून देते. पोराला कपाट दिसत नाही. दिसलं तर आत घुसेल.”

सर म्हणाले, “बरोबर. तेच लिहून घ्या.” मागच्या बाकांवरचेसुद्धा लिहायला लागले.

बाईंनी सर्व्हर बघायचा हट्टच धरला. सरांनी त्यांना लॅबच्या मागच्या खोलीत नेलं. एका टेबलाखाली केरसुणीला टेकून एक काळा खोका घरघरत होता. बाईंनी वाकून पाहिलं. दोन वर्षं जिचा राग केला ती वस्तू ही. त्यांनी पदराने वरची धूळ पुसली आणि केरसुणी दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली.

कल्पना समजायला बाईंना अडचण नव्हती. छळायचं ते लिहिणं. एक कंस मिटायचा राहिला की सगळं ठप्प. पण त्यावर औषध घरातच होतं. बाईंचे यजमान एका वर्तमानपत्रात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होते आणि निवृत्तीनंतर चुका सापडेनात म्हणून कासावीस असायचे. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा ते तपासत. बाई प्रोग्राम छापून घरी आणायच्या आणि ते लाल पेन्सिल घेऊन बसायचे. प्रोग्रामिंगचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

“अगं, इथे कंस उघडलाय. मिटलेला दिसत नाही.”

“कुठे?”

“एकेचाळिसाव्या ओळीत. आणि हा शब्द सतरा ठिकाणी एक आहे, इथेच एक अक्षर कमी. लेखक कोण आहे?”

“मी.”

“हं. मग असेल काही कारण,” असं म्हणून त्यांनी लाल खूण केलीच.

वर्गात ज्यांचे प्रोग्राम तासन्‌तास अडून राहायचे त्यांना नवल वाटायचं की काकूंचा पहिल्या फटक्यात कसा चालतो. गुपित फुटल्यावर चष्मेवाली आपले कागद बाईंच्या पिशवीत टाकू लागली. मग तिघांचे येऊ लागले, मग नऊ जणांचे. यजमानांनी दुपारची झोप सोडली आणि त्यांची तब्येत सुधारली.

सहामाहीला प्रत्येकाने एक प्रकल्प करायचा होता. बाईंनी विद्यार्थ्यांच्या माहितीतल्या चुका दुरुस्त करायचं पान करायचं ठरवलं. सरांनी सरावासाठी खोटी माहिती दिली होती. तिच्यात पहिला विद्यार्थी होता ‘अबक’, पत्ता ‘इथे तिथे’, जन्म तेराव्या महिन्यातला. बाईंच्या अंगावर काटा आला. एकोणतीस वर्षांत त्यांनी असल्या माणसाला खिडकीजवळ उभं केलं नव्हतं. ऑफिसच्या खऱ्या माहितीचा पासवर्ड त्यांच्याच ताब्यात होता. त्यांनी ‘अबक’ला रजा दिली आणि आपलं पान खऱ्या माहितीला जोडलं. सरांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

एका गुरुवारी एक मुलगी खिडकीवर आली. तिची जन्मतारीख चुकीची लागली होती. “उद्या मी वीस वर्षांची होतेय काकू, आणि तुमच्या रेकॉर्डला माझा वाढदिवस होऊन सहा महिने झाले.”

पुरावा चोख होता, सही होती, तारीख होती. बाईंना वाटलं, पानाचा मुहूर्त हिच्याच तारखेने करू. त्यांनी खरी तारीख भरली आणि बटण दाबलं. पडद्यावर त्यांनीच लिहिलेलं वाक्य आलं : ‘दुरुस्ती झाली.’ मुलगी खूश, बाई खूश. त्या दिवशी त्या घरी गेल्या त्या गुणगुणतच.

ऑफिसच्या सॉफ्टवेअरला एक हौस होती. ज्याचा वाढदिवस असेल त्याला ते सकाळी नऊला शुभेच्छांचा संदेश पाठवायचं. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तो संदेश अठराशे त्रेचाळीस जणांना गेला.

आधी पोरांना वाटलं, कुणाची तरी गंमत आहे. मग कॅन्टीनमध्ये सगळे एकमेकांना हात मिळवत फिरू लागले. त्या माहितीत कर्मचारीही होते. ग्रंथपालबाई वीस वर्षांच्या झाल्या. फाटकावरचा पहारेकरी वीसचा झाला. प्राचार्य अठ्ठावन्न वर्षांचे, त्यांनाही संदेश आला की आज आपण वीस वर्षांचे झालात, पुढील शिक्षणासाठी शुभेच्छा.

बाई ऑफिसात पोचल्या तेव्हा खिडकीवर रांग होती आणि रांगेतला प्रत्येक जण त्यांना ‘हॅपी बर्थडे’ म्हणत होता. त्यांनी संगणक उघडला, पहिलं नाव पाहिलं, दुसरं पाहिलं, पन्नासावं पाहिलं. सगळ्यांची तारीख एकच. त्यांनी खिडकी ओढून घेतली, जी त्यांनी कामाच्या वेळेत आजवर कधी ओढली नव्हती, आणि थेट लॅब गाठली.

सरांनी त्यांचा प्रोग्राम वाचला. मग पुन्हा वाचला आणि खुर्चीत मागे टेकले.

“काकू, जन्मतारीख बदल, ही तारीख घाल, एवढंच लिहिलंय तुम्ही. कोणाची, ते लिहिलंच नाही.”

“कोणाची म्हणजे? ती पोरगी समोर उभी होती.”

“तुमच्या समोर. सर्व्हरच्या नाही. कोणाची ते सांगितलं नाही की तो सगळ्यांची बदलतो.” ते थांबले. “पण ही सरावाची माहिती ना?”

“‘अबक’ला मी रजा दिली होती,” बाई म्हणाल्या. सरांचा चेहरा हळूहळू पडत गेला. दहा वर्षांपूर्वी खिडकीवर तो असाच पडायचा.

संध्याकाळी यजमानांनी तो कागद पुन्हा काढला. बराच वेळ त्यावर पेन्सिल फिरवत राहिले. “माझ्या नजरेतून सुटलं,” ते म्हणाले.

“तुमचा काय दोष त्यात?”

“वाक्य पूर्ण होतं गं. व्याकरण शुद्ध. ‘तारीख बदला.’ त्यात काय चूक काढणार?” पण त्या दिवशी ते जेवले नाहीत नीट.

कंपनीच्या माणसाने सांगितलं की बारा दिवसांपूर्वीची प्रत शिल्लक आहे, ती परत बसवता येईल, मधल्या बारा दिवसांचं काम मात्र जाईल. बाईंना ते काम पाठ होतं. अडतीस नवे प्रवेश, त्रेसष्ट दुरुस्त्या, दोन नावं कमी. अर्ज फायलीत क्रमाने लावलेले होते. सोमवारी सकाळी त्या एकट्या टाइप करायला बसल्या. दुपारी चष्मेवाली आली, तिच्यामागे अर्धा वर्ग आला. बाईंनी त्यांना संगणकाला हात लावू दिला नाही. मोठ्याने वाचून दाखवायचं काम दिलं. चष्मेवालीचा आवाज ऑफिसभर ऐकू येतो हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

पहारेकरी तेवढा खिडकीशी घुटमळत राहिला. शेवटी म्हणाला, “बाई, माझी तारीख राहू द्या ना तीच. शाळेत घालताना कुणीतरी अंदाजाने टाकलेली होती. ही बरी आहे. शुक्रवारी सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या.”

“पुरावा आहे का?”

“नाही.”

“मग नाही होणार,” बाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं, पण नाही म्हणजे नाही.

बुधवारी प्राचार्यांनी बोलावलं. बाई लेखी खुलासा घेऊनच गेल्या, सही आणि तारखेसह. प्राचार्यांनी तो वाचला.

“एकोणतीस वर्षांत तुमची एक चूक नाही. आणि केलीत ती एकदम अठराशे.”

“अठराशे त्रेचाळीस, सर.”

“मीही त्यात होतो.”

“हो सर. आता पुन्हा अठ्ठावन्नचे केले आहे.”

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. “लेखी ताकीद देतोय. आणि हा अभ्यासक्रम... सोडलात तर बरं, नाही का?”

बाईंनी यावर दोन रात्री विचार केला होता. “सर, आत्ता सोडला तर मला तेवढंच येईल. सगळ्यांची तारीख बदलायची. पुढचं शिकू द्या.”

प्राचार्य खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते, म्हणून बाईंना वाटलं ते चिडलेत. ते चिडले नव्हते. ताकीद मिळाली आणि परवानगीही. ऑफिसचा पासवर्ड मात्र परीक्षेपर्यंत सरांकडे राहिला. बाईंनी ‘अबक’ला परत बोलावलं आणि नाइलाजाने त्याच्याशी जमवून घेतलं. फक्त आधी त्याचा जन्म बाराव्या महिन्यात आणला.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांनी विचारलं, “पानावर कुणी काही भरलं, तर तुम्ही काय करता?”

“विश्वास ठेवत नाही.”

“कशावर?”

“कशावरच. नावाच्या जागी फोन नंबर टाकतात, तारखेच्या जागी ‘काल’ लिहितात. आधी तपासायचं. चुकलं असेल तर कुठे चुकलं ते सांगायचं. आणि बदल करण्याआधी किती जणांचा होणार आहे ते मोजायचं. एकापेक्षा जास्त निघाले तर थांबायचं.”

परीक्षकांनी मुद्दाम उलटसुलट माहिती भरून पाहिली. पानाने उत्तर दिलं : ‘आडनाव भरलेले नाही. पिनकोड सहा आकडी असतो, आपण पाच लिहिलेत. घाई करू नका.’ त्यांनी सुधारून भरलं आणि पुन्हा अडकले. तिसऱ्या खेपेला त्यांनी सरांकडे पाहिलं.

“मला तीन वेळा परत पाठवलं यांनी.”

“हो,” सर म्हणाले, “होतं तसं.”

बाईंना शंभरपैकी एकाहत्तर गुण मिळाले, वर्गात सहावा क्रमांक. यजमानांना वाटलं एवढ्या गुणांत पहिला यायला हवा होता. चष्मेवाली पहिली आली. पुढच्या वर्षी ते पान कॉलेजने खरोखर सुरू केलं, सरांनी दोनदा तपासून. पोरं तक्रार करतात की आता घरी बसूनसुद्धा बोलणी खावी लागतात. खिडकीवरची रांग मात्र निम्मी झाली, आणि बाईंना अकरा वाजताच चहा प्यायला सवड मिळू लागली. सुरुवातीला ती सवड त्यांना बोचायची. मग त्यांनी पुढच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. तो मंगळवारी असतो. पहिल्या तासाला जाताना त्यांनी वहीवर स्वतःचं नाव लिहिलं, खाली तारीख घातली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसल्या.