माझी कादंबरी विहारात वाचली तेव्हा

कादंबरी छापून घरी आली तेव्हा आईने आधी हात पदराला पुसले आणि मगच ती हातात घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. मागच्या बाजूला माझा छोटा फोटो होता, त्यावरून अंगठा फिरवला. आत उघडून पाहिलं नाही. आई चौथीपर्यंत शिकली आहे. दुकानांच्या पाट्या, गॅसची पावती, बसवरची गावं वाचते. पण सलग पान वाचायला बसली की चार ओळींत दमते.

"तूच वाचून दाखवजो कधी," ती म्हणाली, आणि पुस्तक वरच्या फळीवर उभं करून ठेवलं.

मी हो म्हणाले. पण त्यातलं एक पान आईने ऐकू नये असं मला मनापासून वाटत होतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा हिंगण्याला कंपनीत आहेत, आई बेसाकडच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकाला जाते. मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा बाबा कंपनीच्या बसमध्ये सोबत्यांना सांगायचे, "पोट्टी ज्ञानाचं काहीतरी शिकून राहिली." नेमकं काय शिकते हे मलाही त्यांना सांगता यायचं नाही. वर्गात मी कधी हात वर केला नाही. जे विचारायचं असायचं ते मोबाइलवर लिहीत गेले, आणि त्याचीच पुढे कादंबरी झाली. कादंबरी म्हणायला अजूनही जरा संकोच वाटतो.

तिच्यात एक मुलगी आहे. आपल्यात आपलं स्वतःचं किती आणि दुसऱ्यांनी दिलेलं किती, हे तिला बघायचं असतं. म्हणून ती मनातल्या मनात एकेक गोष्ट वजा करते. आधी नाव, मग घर, मग बोली, मग वस्ती. प्रत्येक प्रकरणात एक गोष्ट जाते, आणि उरलेली ती कोण, याचा ती विचार करत बसते. मधल्या एका प्रकरणात ती आईला वजा करते. आई मेली आहे अशी कल्पना करते आणि दुःखाची वाट पाहते. दुःख येत नाही. तिला हलकं वाटतं. मला सगळ्यांत खरं वाटलेलं पान तेच होतं. ते लिहीत होते तेव्हा आई मोरीत भांडी घासत होती आणि मला चहा हवा का म्हणून विचारत होती.

प्रकाशकांना पाठवून पाहिली. एकाचं उत्तर आलं की विषय चांगला आहे, पण वाचक मिळणार नाही. मग मी ती स्वतःच छापायची ठरवली. छापखान्यात संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्या दादांनी विचारलं, "आत काय हाय? प्रेम हाय का सामाजिक?" मी म्हणाले, "विचार आहेत." त्यांनी स्क्रीनवरची चित्रं चाळली. "मंग सूर्योदय टाकू कव्हरवर. विचाराले सूर्योदय चालते." मला नको होता, पण नाही म्हणता आलं नाही. थोड्याच प्रती काढल्या. मित्रमैत्रिणींनी घेतल्या, कॉलेजातल्या सरांनी एक घेतली. ते म्हणाले, "धाडसी आहे." बाकीचे फोटो काढून स्टेटसला ठेवण्यापलीकडे गेले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं बरंच वाटलं.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. एकजण वाचतो, बाकीचे सतरंजीवर बसून ऐकतात, शेवटी सगळे मिळून "साधू, साधू, साधू" म्हणतात आणि मग कोणाला काही विचारायचं असेल तर विचारतात. वाचणाऱ्याच्या शेजारी दुसरी प्रत घेऊन एकजण ओळ धरायला बसतो. कोणी घाईत पान सोडलं तर त्याने थांबवायचं. मी लहान होते तेव्हापासून हे काम एक आजोबा करतात. ते कन्हानच्या खाणीतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आले आहेत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोट ओळीवर.

त्या वर्षी ग्रंथ संपला आणि वर्षावासाच्या थोड्या संध्याकाळी उरल्या. तेव्हा महिला मंडळाच्या अध्यक्ष मावशी म्हणाल्या, "आपल्या पोरीनं पुस्तक लिहिलं, अन् आपण बाहेरच्याचं वाचत बसायचं का? तेच वाचू."

मी म्हणाले, "मावशी, ती कादंबरी आहे. ती अशी वाचायची नसते."

"मंग कशी वाचायची असते?"

"एकट्याने. मनातल्या मनात."

"मनातल्या मनात वाचलं त ज्याले वाचता येत नाही त्यानं काय करावं वं?"

आई शेजारीच उभी होती, तिचा चेहरा इतका उजळला होता की मी पुढे बोललेच नाही. आमच्याकडे पुस्तक म्हटलं की ते मांडी घालून, सगळ्यांनी मिळून, एकही ओळ न सोडता ऐकायचं. छापलेलं आहे म्हणजे कोणीतरी नीट विचार करून, सगळ्यांच्या भल्यासाठी छापलेलं आहे, असंच सगळे धरून चालतात. पुस्तक एखाद्याने नुसतं स्वतःशी भांडायलाही लिहिलेलं असू शकतं, हे मी त्यांना कसं सांगणार होते?

वाचायचं मीच, असं ठरलं. पहिल्या दिवशी आई पुढच्या रांगेत, पांढरं लुगडं नेसून बसली होती. बायकांना मुलीचं नाव वजा करणं फार आवडलं नाही. "नाव नाही त रेशनकार्ड कसं काढन ते?" एकीने विचारलं. दुसरीला वेगळीच काळजी. "नवरा कधी येते वं पुस्तकात?" येत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "चांगलं केलं," आणि सगळ्या हसल्या. मला वाटलं होतं तितकं ते वाईट चाललं नव्हतं. घरी जाताना आई माझ्याहून चार पावलं पुढे, ताठ चालायची.

आणि मग त्या प्रकरणाची संध्याकाळ आली. दुपारीच मी मावशींना फोन करून घसा बसल्याचं सांगितलं. "सुंठ घे अन् ये," त्या म्हणाल्या. मग मी ठरवलं की ते पान उलटून पुढे जायचं. प्रकरणाची सुरुवात नीट वाचली. त्यातल्या आईच्या मनगटावर कुकरच्या वाफेने भाजल्याचा डाग आहे, ती चहा फुंकून पिते, इथपर्यंत वाचलं. मग दोन पानं एकदम उलटली आणि मुलगी सकाळी बसथांब्यावर उभी आहे तिथून सुरू केलं.

"थांब, बेटा," आजोबा म्हणाले. "पान राहिलं."

"ते तितकं महत्त्वाचं नाही, आजोबा."

"महत्त्वाचं नाही त छापलं काहून?"

मागून कोणीतरी म्हणालं, "लाजून राहिली. प्रेमाबिमाचं असन." हशा झाला. आईसुद्धा हसली.

"वाच ना वं," आई म्हणाली. "मी बसली हाय म्हणून लाजतं का?"

मी वाचलं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. मोठ्याने वाचताना ती वाक्यं माझ्या ओळखीची वाटेनात. 'आई आता नाही, असं तिने स्वतःला सांगितलं आणि ती थांबली. काहीच कोसळलं नाही. खांद्यावरून कोणीतरी हात काढून घ्यावा तसं तिला हलकं वाटलं, आणि हे हलकेपण आपण कितीतरी वर्षं मागत होतो, असं तिच्या लक्षात आलं.' मी पुस्तकातून डोळे वर काढले नाहीत. पंख्याचा आवाज येत होता. प्रकरण संपलं. सवयीने सगळे म्हणाले, "साधू, साधू, साधू." आईचे हात जोडलेले होते. ओठ हलले की नाही, ते मला दिसलं नाही.

"अव माय, कशी पोट्टी हाय ते!" एक बाई म्हणाली.

"कादंबरी हाय वं. खरं थोडीच राहते त्यात," मावशी म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज नेहमीसारखा नव्हता.

घरी येऊन आईने कणीक भिजवायला घेतली. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"आई, ती मुलगी म्हणजे मी नाही."

"मले माहीत हाय."

"कादंबरीत एखादा विचार शेवटपर्यंत नेऊन बघायचा असतो. तो आपला असेलच असं नाही. नुसता करून बघायचा असतो."

ती कणीक मळत राहिली. मी वर्गातलं काहीबाही सांगत होते. कल्पना वेगळी, इच्छा वेगळी, असं. सांगताना मलाच त्यातलं किती पटत होतं, कोण जाणे.

"पोरगी तू नाही," ती शेवटी म्हणाली. "पण माय त मीच हाय ना? भाजल्याचा डाग माझाच हाय." आणि तिने मनगट पुढे केलं, पिठाने माखलेलं. रागाने नाही, फक्त दाखवलं.

त्यानंतर ती माझ्याशी फार जपून वागायला लागली. मी वाचत असले की टीव्हीचा आवाज बारीक करायची. आत यायच्या आधी दारातून विचारायची, "येऊ का? काही करून राहिली का?" पूर्वी ती सरळ येऊन माझ्या पुस्तकांवर धुतलेले कपडे ठेवून जायची आणि मी चिडायचे. आता कपडे कॉटच्या कोपऱ्यावर, घडी घालून. मला हे सहन होत नव्हतं. पण ती चूक काही करत नव्हती, त्यामुळे नेमकं काय थांबव म्हणून सांगायचं, ते कळेना.

विहारात मात्र ती रोज येत राहिली. मला वाटलं होतं ती येणार नाही. परतताना एकदा तिने विचारलं, "आता पुढं काय होते?"

"शेवटी ती सगळं परत घेते. जे जे वजा केलं, ते एकेक करून."

"परत घेते?"

"हो. त्यांच्याशिवाय विचार करणारी तीच उरत नाही, असं तिला कळतं."

"बरं," आई म्हणाली, आणि त्या दिवशी खूप दिवसांनी तिने वाटेत माझा हात धरला. तिचं मन निवळलं, असं मी समजले.

शेवटच्या संध्याकाळी गर्दी जरा जास्तच होती, कारण मावशींनी खीर ठेवली होती. मी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. मुलीने बोली परत घेतली. घर घेतलं. वस्ती, वस्तीतला हापसा, शाळेच्या भिंतीजवळचं चिंचेचं झाडही घेतलं. बायका मान डोलवत होत्या. आई पुढे सरकून, हनुवटी तळहातावर टेकून ऐकत होती. प्रत्येक परिच्छेद संपला की ती किंचित अजून पुढे झुकायची. ती कोणाची वाट पाहते आहे हे मला तेव्हा कळलं.

मी वाचता वाचता पुढचं पान डोळ्यांनी चाळलं. उरलेलं सगळं आठवून पाहिलं. मुलीने नाव परत घेतलं की कादंबरी संपते. तिची आई त्यात कुठेच नव्हती. ती त्या मधल्या प्रकरणात गेली, आणि नंतर मी तिच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. मी कितीतरी वेळा हे शेवटचं प्रकरण दुरुस्त केलं होतं, सरांनी वाचलं होतं, कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिथल्या तिथे एखादं वाक्य रचून म्हणावं, असं वाटून गेलं. पण तोंडातून निघालं ते छापलेलंच. मुलीने नाव घेतलं. संपलं. "साधू, साधू, साधू." आजोबांनी प्रत मिटली. मावशी म्हणाल्या, "शेवट गोड केला पोरीनं."

खिरीची वाटी आईने तशीच एका पोराला दिली. हात पदराला पुसून ती निघाली.

"नाही आली ते," वाटेत ती म्हणाली.

"कोण?" मला माहीत होतं तरी मी विचारलं.

"तिची माय. चिंचेचं झाड आलं. माय नाही आली."

"राहून गेलं, आई."

"विसरली?"

मी होकार दिला. खोटं बोलून तिला सांगता आलं असतं की त्यामागे काहीतरी विचार आहे. तिने ते मानलंही असतं.

"मुद्दाम केलं असतं त बरं झालं असतं वं," ती म्हणाली. "मुद्दाम केलं म्हणजे मायची आठवण त होती."

या गोष्टीला आता काही महिने झाले. उरलेल्या प्रती मी कोणाला दिलेल्या नाहीत. शेवटच्या प्रकरणात एक पान घालायचं आणि पुन्हा छापायची, असं मनात आहे. पण ते पान लिहायला बसले की ती आई येते ती चहा घेऊन, नाहीतर डबा घेऊन. आणि काही ना काही देऊन निघून जाते. नुसती ती, मुलीला काही न देता, अशी मला लिहिताच येत नाही. तेव्हा ती काय करते, काय म्हणते, मला माहीत नाही. इतकी वर्षं एका घरात राहून माहीत नाही.

परवा मी आईला विचारलं, "तू असतीस तर कशी परत आली असतीस?"

ती मेथी निवडत होती.

"मी काहून येऊ?" ती म्हणाली. "तिले हलकं वाटून राहिलं होतं ना."

"पण तिला तू हवी आहेस."

"हे तिनं म्हणलं का कुठं?"

मी आत जाऊन पुस्तक काढलं आणि पुन्हा पाहिलं. कुठेच म्हटलेलं नव्हतं. मी मोबाइल उघडला आणि एवढंच वाक्य लिहिलं, 'मला आई हवी आहे.' मग ते तिला वाचून दाखवायला बाहेर आले, पण दारातच थांबले, कारण ते वाक्य मुलीच्या तोंडी अजून खरं वाटत नव्हतं, आणि आईला ते लगेच कळलं असतं.