कुणी कुणाला चाटावं

लातूरला कुत्र्यांचा दवाखाना टाकून मला अकरा वर्षं झाली. केसपेपरवर नाव कुत्र्याचं लिहायचं आणि तक्रार मालकाची ऐकायची, हे रोजचंच. त्यामुळे किस्से साठत जातात. त्यातही एक तक्रार नेहमीची: ‘डॉक्टर, आमचं कुत्रं दुसऱ्या कुत्र्याला लई चाटतंय.’ यात आजार किती आणि जळफळाट किती, हे मला पटकन कळतं. मी स्वतः जळलेली आहे.

•

दवाखान्यात चांदी नावाची कुत्री आहे. पाय मोडला म्हणून आली, ती राहिलीच. घाबरलेला पेशंट आला की ती त्याच्याजवळ जाते, हळूहळू त्याचं तोंड चाटते. कुत्र्यांमध्ये ही ओळखही आणि धीर देणंही. तो थरथरायचा थांबतो. मग मी पुढे होते, आणि तो टेबलाखाली!

एकदा मी सुट्टीवर होते. एका बाईंचा फोन आला. कंपाउंडर म्हणाला, “मॅडम न्हाईत आज.”

बाई म्हणाल्या, “असू द्या. चांदी हाय का?”

दोन दिवस मी चांदीशी बोलले नाही.

•

एक निवृत्त गुरुजी आले, सोबत दोन कुत्रे. थोरला राजा, धाकटा मोती. गुरुजींचा चेहरा पडलेला.

“राजा रोज माझा हात चाटायचा. आता दिवसभर मोतीचा कान चाटत बसतोय. माझ्याकडं बघत बी न्हाई.”

मी मोतीचा कान तपासला. आत चांगलाच पिकला होता. स्वतःची जीभ स्वतःच्या कानाला पोचत नाही, म्हणून राजा ते काम करत होता. म्हटलं, “गुरुजी, हे लाड नाहीत. त्याला दुखणं कळलं होतं.”

गुरुजींनी आपला हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, “मग माझा हात चाटायचा, तवा मला काय झालं होतं?”

•

औशाचे दोघे भाऊ. वाटणीवरून बोलणं बंद, मध्ये तारेचं कुंपण. दोघांचे कुत्रे मात्र तारेतून तोंड घालून एकमेकांना चाटत बसायचे. थोरला माझ्याकडे आला. “माझं खातंय आन् त्याच्या कुत्र्याला चाटतंय. कायतरी औषध द्या.”

मी म्हटलं, “एकाच आईची पिल्लं आहेत, चाटणारच.”

तो पिशवी उचलून उठला. दारात थांबला.

“आम्ही बी एकाच मायचे हाव की.”

•

मुखेडहून एक म्हातारं जोडपं जीपने आलं होतं. त्यांच्या कुत्र्याच्या पोटावरची गाठ काढायची होती. घरची कुत्रीही मागं लागली म्हणून तिलाही आणलेलं. ऑपरेशन झालं. कुत्रा अजून गुंगीतच होता. कुत्री त्याच्या डोळ्यांच्या कडा, कपाळ, मान चाटत बसली. टाक्यांना तोंड लावू नये म्हणून मी शेजारीच उभी होते.

मावशी एकटक बघत होत्या. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, “चाळीस वर्षं झाली. मला कुणी असं जवळ बसून विचारलं न्हाई, दुखतंय का म्हणून.”

काका खिडकीबाहेर बघत राहिले. मलाच अवघडल्यासारखं झालं.

दहा दिवसांनी दोघं टाके काढायला आले. मावशींची वेणी भलतीच वाकडी, भांग कानाकडे गेलेला. डोक्यावर इतकं तेल की कपाळावर ओघळ उतरलेला. काकांच्या बाह्याही तेलकट.

मी म्हटलं, “मावशी, आज तेल फारच झालंय.”

त्यांनी पदराने कपाळ टिपलं. तेवढंच. डोक्याला हात लावला नाही.

“हात थरथरतो त्यांचा,” म्हणाल्या.