काडेपेटीवरचं नाव

उस्तिन्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. विल्कोव्ह गावच्या कालव्यांतून होडी हाकायची ती कुणीतरी मागे लागल्यासारखी, आणि जेवायची उभ्याउभ्याच. नवरा मासेमारीला समुद्रावर. घरात ती आणि सासू अकुलिना. बालवाडीच्या स्वयंपाकघरात नोकरी मिळाली तेव्हा मात्र तिचं पोटच रुसून बसलं. पोरांचं जेवण रांधणाऱ्या बाईच्या पोटात जंत नसावेत म्हणून शौचाचा नमुना काडेपेटीत घालून दवाखान्यात द्यायचा नियम होता. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला तरी पेटी रिकामीच.

मग तिने सासूचा नमुना भरला आणि वर स्वतःचं नाव चिकटवलं. पायांत बळ नाही म्हणून म्हातारी हिवाळ्यापासून खोलीतच भांडं वापरत होती, तेव्हा विचारायचीही गरज पडली नाही. वर्षातले निम्मे दिवस उपास करणारी बाई, तिच्याइतकं निर्मळ पोट गावात कुणाचं असणार, असा या शहाणीचा हिशेब. गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, खारवताना मीठ बरोबर पडलंय का हे बघायला सगळी आळी अकुलिनालाच बोलवायची, आणि ती कच्ची गाबोळी जिभेवर ठेवून सांगायची, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

दवाखान्यातल्या तपासनीस रायसाबाईंना काचेखाली अंडी दिसली, एका टोकाला झाकण असलेली. माशातून येणारा जंत, फितीसारखा लांबच लांब. चक्कर येते का, जीभ चुरचुरते का, पायांना मुंग्या येतात का, असं त्या उस्तिन्याला विचारत गेल्या. हा जंत रक्त आटवतो, आणि उशीर झाला तर पाय कायमचे जातात, हेही सांगितलं. उस्तिन्या प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत होती आणि प्रत्येक वेळी तिला भिंत धरून चालणारी सासू आठवत होती. म्हातारी सोंग करते, असं ती आळीभर सांगत फिरली होती.

"तू तर चांगली टवटवीत दिसतेस," रायसाबाई म्हणाल्या. "पेट्यांची अदलाबदल झाली असेल. उद्या दुसरा नमुना आण."

उस्तिन्या बाहेर आली. होडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. उद्या स्वतःचा नमुना दिला की काम फत्ते. महिन्याभरात नोकरी कायम होईल, मग म्हातारीला सावकाश आणता येईल. लगेच आणलं तर रायसाबाईंना सगळं कळणारच. औषध चोरून घरी न्यायचीही सोय नव्हती. ते दवाखान्यातच घ्यायचं, आणि जंताचं डोकं बाहेर पडेपर्यंत तिथेच थांबायचं. डोकं आत राहिलं तर तो पुन्हा वाढतो. महिना काही फार नाही, असं तिने मनाला बजावलं. मन ऐकेना. तेवढ्या दिवसांत त्या पायांचं काय होईल, या विचाराने तिला काठावर धड उभंही राहवेना. शेवटी ती तशीच दवाखान्यात परत शिरली.

"रायसाबाई, ती पेटी माझी नाही. सासूची आहे."

रायसाबाईंनी तिला फैलावर घेतलं. असल्या खोटारड्या बाईला बालवाडीच्या चुलीजवळही फिरकू देणार नाही, म्हणाल्या. आणि सासूला आजच्या आज आणायला सांगितलं.

घरी आल्या आल्या उस्तिन्याने एका दमात सगळं सांगून टाकलं, पेटीचं आणि नोकरी गेल्याचंसुद्धा. आता म्हातारी शिव्याशाप देणार, या तयारीत ती उभी होती.

अकुलिनाने एवढंच विचारलं,

"म्हणजे मी मरत नाहीये?"

"नाही, आई. जंत आहे."

"मला वाटलं, माझी वेळ भरली. मेल्यावर घालायचा सदरा शिवून ट्रंकेत ठेवलाय." म्हातारीने ट्रंकेकडे बोट केलं. "तू उघडशील नि घाबरशील, म्हणून वर तुझी शाल घातलीये, पोरी."

उस्तिन्याला रडू आवरेना. रडत रडतच तिने म्हातारीचे गार पडलेले पाय मांडीवर घेतले आणि बाहेर जायचे लोकरी मोजे चढवायला लागली.