उलटं विमान आणि एक काना

बोहुमीर रोझसिपल एकतीस वर्षं मागच्या सीटवर बसले. पुढे शिकाऊ चालक, त्याच्या शेजारी त्याला शिकवणारा, आणि मागे मांडीवर पॅड ठेवून रोझसिपलसाहेब. ओल्शिना गावात ज्याच्याकडे गाडीचं लायसन्स आहे, त्याने आपल्या मानेवर साहेबांचा श्वास सोसलेला आहे. अख्ख्या परीक्षेत साहेब दोनच शब्द बोलत. "निघा." आणि "थांबा." थांबल्यावर नापासाची कारणं सांगत. कारणं नेहमी तीन असत. चूक एकच झालेली असली तर ते तिचे तीन तुकडे करत.

दातांच्या कवळ्या घडवणारी द्राहोमिरा नेवारझिलोव्हा चार वेळा नापास झाली. पहिल्यांदा चढावर गाडी वीतभर मागे सरली. दुसऱ्यांदा रेल्वे फाटकापाशी तिने उजवीकडे दोनदा पाहिलं आणि डावीकडे एकदाच. तिसऱ्यांदा तिची एकही चूक झाली नाही. साहेबांनी लिहिलं, 'आत्मविश्वास अकारण.' चौथ्यांदा गाडी चौकात बंद पडली आणि तिच्या तोंडून गेलं, "चल ना गं बाई, नखरे नकोत." कागदावर आलं, 'वाहनाशी अरेतुरे.' पाचव्यांदा ती पास झाली. त्या दिवशी साहेब तापाने घरी होते.

असा माणूस निवृत्त होतो तेव्हा गाव सुटकेचा श्वास सोडतं. निरोपाला कुणी येत नाही.

साहेब रोज संध्याकाळी पबात जाऊन बसत. खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. टेबलाला चार खुर्च्या होत्या. लोक येत, अदबीने विचारत, "साहेब, ही खुर्ची रिकामी आहे का?" साहेब म्हणत, "आहे." मग लोक खुर्ची उचलून दुसरीकडे नेत. तीन वर्षांत तिन्ही खुर्च्या गेल्या.

कोपऱ्यात विमानवाल्यांचं गोल टेबल होतं. रविवारी गावाबाहेरच्या कुरणात रिमोटवर विमानं उडवायची आणि मग इथे येऊन त्याबद्दल खोटं बोलायचं, हा त्यांचा धर्म. वर भिंतीवर जुने पंख टांगलेले. टेबलावर वासाच्या चीजची ताटली, कांदा, आणि इतकं हसणं की साहेबांना आपल्या ग्लासातला फेस थरथरताना दिसे. साहेबांना त्या टेबलावर बसायचं होतं. हे ते कुणाला सांगते तर जीभ झडली असती. त्यांनी सांगितलं की आपल्याला विमानविद्येत रस आहे.

भिंतीवरचे पंख पाहून त्यांनी एक अनुमानही काढलं. जो क्लबची परीक्षा पास होईल तोच या टेबलावर बसत असणार. हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. नियम विचारायचे नसतात, माहीत असायचे असतात, असं त्यांचं मत होतं.

त्यांनी बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान आणलं. ते पडलं. दुसरं आणलं. तेही पडलं. तिसरं बीटाच्या शेतात पडलं तेव्हा त्याचे सव्वाशे तुकडे झाले. क्लबचा अध्यक्ष आलोइस पोस्पिशिल तुकडे वेचायला मदत करत होता. त्या मुलखातली आडनावं म्हणजे कुणा पूर्वजाच्या हातून एकदा घडलेली गोष्ट. पोस्पिशिल म्हणजे घाई केली. आलोइसइतका सावकाश माणूस गावात दुसरा नव्हता. नेवारझिल म्हणजे स्वयंपाक केला नाही. रोझसिपल म्हणजे विखरून टाकलं.

"आडनावाला जागलात हो साहेब," आलोइस म्हणाला.

साहेब हसले नाहीत.

"फोमचं घ्या," आलोइस म्हणाला. "थर्माकोल नव्हे. थर्माकोल मोडतो. हा फोम दबतो आणि परत उठतो. जेमतेम चारशे ग्रॅम वजन. भिंतीवर आपटा, जमिनीत रोवा, काही होत नाही. कसरती शिकायच्या तर हेच. ज्याला पडायची भीती असते त्याला उलटं उडता येत नाही."

"शिकवणार कोण?"

"द्राशा."

"नेवारझिलोव्हाबाई?"

"त्याच. ओळखत असाल."

"चार वेळा," साहेब म्हणाले.

शिकवणी वसंतात सुरू झाली. पहिल्याच दिवशी तिढा पडला.

कुरणाच्या कडेला क्लबची पाटी होती: 'इथे सगळे एकमेकांना तू.' त्यामागे सभ्यतेचा अभाव नव्हता, हिशेब होता. सुलट विमानाची रिमोटवरची दांडी ओढली की नाक वर जातं. उलट्या विमानाची ओढली की नाक जमिनीत जातं. तिथे ढकलावं लागतं. एकविसाव्या वर्षी हे चटकन अंगात मुरतं. अडुसष्टाव्या वर्षी शेजारी उभं राहून कुणाला तरी ओरडावं लागतं. 'ढकल' ओरडायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा 'ढकला' ओरडायला जास्त लागतो. फार नाही, एका कान्याएवढा. आलोइसने एकदा स्टॉपवॉच लावून पाहिलं होतं. एका कान्यात विमान दीड मीटर खाली येतं.

साहेबांचं विमान मीटरभर उंचीवरून उडे.

"ढकला!" द्राहोमिरा ओरडे, आणि 'ढक' होईपर्यंत विमान गवतात नाक खुपसून उभं असे.

"तुम्ही मला तू म्हणत का नाही?" असं साहेब विचारू शकत नव्हते. तू मागायचा नसतो, द्यायचा असतो. तो कोणी द्यायचा हेही ठरलेलं असतं. मोठ्याने लहानाला द्यायचा. बाईने पुरुषाला द्यायचा. साहेब अडुसष्ट वर्षांचे. द्राहोमिरा चव्वेचाळीसची, पण बाई.

"त्यांनी द्यावा," द्राहोमिरा पबात म्हणाली. "ते वयाने मोठे."

"तुला काय झालं द्यायला?" आलोइसने विचारलं.

"आणि त्यांनी घेतला नाही तर? कागद काढून लिहितील, 'परीक्षकाशी अरेतुरे.'"

आलोइस खिडकीपाशी गेला. "साहेब, देऊन टाका ना एक तू."

"बाईमाणूस आहे," साहेब म्हणाले. "हक्क त्यांचा. मी आगाऊपणा करणार नाही."

आलोइस परत आला, बसला, अर्धा ग्लास संपवला आणि म्हणाला, "माझ्या आजोबांच्या वेळी असाच एक तिढा होता. शेवटी त्या दोघांना लग्न करावं लागलं."

"गप रे," द्राहोमिरा म्हणाली.

तर विमान रोज पडत राहिलं, दोन सभ्य माणसांच्या मधोमध.

पण ते विखुरलं नाही. साहेबांना याचं इतकं नवल वाटे की ते पडलेल्या विमानाजवळ जाऊन आधी नुसते उभे राहत. नाक चेपलेलं, बाकी सगळं जागच्या जागी. घरी जाऊन ते चुलीवर पाणी ठेवत आणि विमानाचं नाक वाफेवर धरत. फोम हळूहळू फुगून पहिल्यासारखा होई. एकट्याच्या घरात दोनदा पाणी कोण उकळणार, म्हणून त्याच वाफेवर ते रात्रीचे मैद्याचे उंडे शिजवत. उंड्यांना गोंदाचा वास येई. साहेब खात. आधीच्या आयुष्यात त्यांनी दुरुस्त होणारं काही पाहिलं नव्हतं. त्यांच्या पॅडवर दुरुस्तीचा रकाना नव्हता.

चहा ढवळता ढवळता चमचा पुढे ढकलून ते पुटपुटत, "उलटं असेल तर ढकला." रस्त्यात छत्रीची मूठ ढकलत. चर्चमध्ये गुडघे टेकताना पुढच्या बाकाची पाठ ढकलली तेव्हा पुढची बाई वळून म्हणाली, "काय झालं?" साहेब म्हणाले, "उलटं होतं."

जुलैत विमान गिरक्या घेऊ लागलं. ऑगस्टात ते नाकावरच्या पंख्याच्या जोरावर हवेत टांगून राहू लागलं. नाक आभाळाकडे, शेपटी गवताकडे, आणि पुढेही नाही मागेही नाही. साहेब श्वास रोखून दोन्ही अंगठ्यांनी त्याला तसं धरून ठेवत. द्राहोमिरा शेजारी उभी राहून हळूच म्हणे, "छान. राहू द्या. राहू द्या." 'द्या' म्हणायला तिथे भरपूर वेळ होता.

परीक्षा ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी होती. दहा सेकंद टांगून धरायचं, चार गिरक्या घ्यायच्या आणि कुरणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उलटं न्यायचं. परीक्षक अर्थात द्राहोमिरा. परीक्षा चालू असताना परीक्षकाने तोंड उघडायचं नाही, असा क्लबचा नियम. साहेबांना हा नियम फार आवडला होता.

क्लबात अकरा माणसं. त्या रविवारी कुरणात साठेक आली. घडीच्या खुर्च्या, सॉसेजं, बिअरचं पिंप. क्लबातला प्लंबर तर बायको, सासू आणि मेव्हणा घेऊन आला. सगळे कधी ना कधी साहेबांच्या हातून नापास झालेले.

"रोझसिपल परीक्षा देतोय," प्लंबर सासूला म्हणाला. "हे मेल्यावरही आठवेल."

द्राहोमिरा पॅड घेऊन आली. ती साहेबांच्या मागे उभी राहिली, अगदी मानेमागे, आणि म्हणाली, "निघा."

साठ माणसं हसली. ती हसली नाही. पाच महिने तिने या माणसाला शिकवलं होतं.

विमान उठलं. दहा सेकंद टांगून राहिलं. लोकांनी मोठ्याने आकडे मोजले आणि दहा झाल्यावर गप्प झाले. चार गिरक्या झाल्या, चारही सरळ. प्लंबरचं सॉसेज तोंडापाशीच राहिलं.

मग साहेबांनी विमान उलटं केलं. पिवळं पोट आभाळाकडे गेलं. विमान डोक्याएवढ्या उंचीवरून संथ निघालं. पाव कुरण. अर्धं. साहेबांचा अंगठा पुढे होता. पाऊण कुरण झालं आणि जवाच्या कापलेल्या शेताकडून वाऱ्याची झुळूक आली. नाक किंचित झुकलं. अंगठा जागच्या जागी थबकला.

"ढकल!" द्राहोमिरा ओरडली.

शब्द अगदी वेळेवर आला होता. काना नव्हता. दीड मीटर शिल्लक होता. एवढ्यात कुणीही विमान वाचवलं असतं.

साहेब वळले. विमान हवेत असताना ते पूर्ण मागे वळले आणि म्हणाले, "मला म्हणालात?"

विमान शेतात गेलं. धसकटांवर दोन उड्या मारून ते पाठीवर पडलं आणि त्याचा पंखा थोडा वेळ फिरत राहिला.

कुणी हसलं नाही.

"माफ करा," द्राहोमिरा म्हणाली. ती कानापर्यंत लाल झाली होती. "तोंडून गेलं."

"परीक्षकाने बोलायचं नसतं."

"हो."

"तरी बोललात."

"घाईत."

साहेबांनी टोपी काढली. परत घातली. "म्हणजे परत घेताय?"

"कोण परत घेतंय? घेणार असाल तर ठेवा."

"ठेवतो," साहेब म्हणाले. जरा थांबून त्यांनी घसा साफ केला. "बोहुमीर."

"द्राहोमिरा. द्राशा म्हणतात."

"ठीक. द्राशा. निकाल?"

तिने पॅडकडे पाहिलं. साठ माणसांनी तिच्याकडे पाहिलं. "नापास."

"कारणं?"

"एक, नाक खाली गेलं. दोन, दांडी ढकलली नाहीस. तीन, विमान सोडून माझ्याकडे पाहिलंस."

"पहिलं आणि दुसरं एकच आहे."

"तक्रार कुणाकडे करतोस? शिकवलं कुणी?"

बोहुमीरने मान डोलावली. तो शेतात गेला. विमान उचलून, माती झटकून, काखेत घेतलं आणि गावाकडे चालू लागला. पाठ ताठ होती. पण तो रस्त्याच्या कडेने नाही, मधून चालत होता, ज्यासाठी त्याने एकदा एका पायी चाललेल्या माणसाला हटकलं होतं.

आलोइसने त्याला पुलापाशी गाठलं. आलोइसला धावताना त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

"कुठे निघालास?"

"घरी."

"आणि पबात कोण येणार? तुझा बाप?"

"मी नापास झालोय, आलोइस. तुमच्या टेबलावर मी कसा बसू?"

आलोइस धापा टाकत कठड्याला टेकला. त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो इतका हसला की पाण्यातली बदकं उडाली. "अरे, त्या टेबलावर पास झालेलं कोण आहे? सगळी तूच नापास केलेली माणसं. त्यासाठीच तर बसतो आम्ही एकत्र. एवढी वर्षं तुझ्याच नावाने हसतोय. तुला कसं बोलावणार? तू कशात नापास झाला होतास का कधी?"

बोहुमीरने आठवून पाहिलं. "नाही."

"मग?"

टेबल भरलेलं होतं. द्राशाने आलुबुखाऱ्याच्या दारूचे दोन छोटे पेले भरून ठेवले होते. तू कुरणात दिला असला तरी रीतीप्रमाणे तो पिऊन पक्का करायला हवा. दोघांनी हातात हात अडकवून प्याला संपवला आणि बोहुमीरला ठसका लागला. प्लंबरने त्याच्या पाठीत गरजेपेक्षा जरा जोरात थापटलं.

मग बोहुमीरने मधली एक रिकामी खुर्ची ओढली.

"ती नाही," चार जण एकदम म्हणाले.

"इथे जागा अशा नसतात," प्लंबरने समजावलं. "जितक्या वेळा नापास, तितकी आतली खुर्ची. मी सात वेळा. मी स्टोव्हपाशी. द्राशा चार, ती भिंतीला टेकून. तू किती?"

"एक."

"एकदाच?" प्लंबरने दया आल्यासारखं पाहिलं. "मग ती. दारापाशी."

बोहुमीर दारापाशी बसला. तिथे मोरीकडचं दार उघडलं की मानेवर वारा येई. चीजची ताटली त्याच्यापर्यंत पोचायची तेव्हा तिच्यात फक्त कांदा उरलेला असे. त्याने कांदा खाल्ला. कुणीतरी उबदार हसून त्याचा ग्लास भरला.

"पुढची परीक्षा पंधरा दिवसांनी," द्राशा टेबलापलीकडून ओरडली. "तयारीला लाग. या खेपेला तू नक्की पास होशील."

दार उघडलं. वारा आला. बोहुमीरने कॉलर वर केली आणि तीन वेळा नापास झालेल्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. ती खांबाआड होती. तिथे वारा लागत नव्हता आणि चीजही वेळेत पोचत होतं.

"बघू," तो म्हणाला. "घाई कशाला करायची?"