पिसोरीचा मोकळा पिंजरा

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. आम्ही उचगावचे बौद्ध. नवस, अंगारे-धुपारे आमच्या घरात कधी शिरलेच नाहीत. तरी हे लिहितोय... कारण ऐकणारा मी एकटा नव्हतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरातल्या एका छोट्या प्राणीसंग्रहालयात मी कीपर होतो. आमच्याकडे पिसोरी हरणांची जोडी होती; पिंजरे शेजारी-शेजारी, मधलं दार अधूनमधून उघडायचो. पिसोरी म्हणजे जेमतेम सशाएवढं, अंगावर पांढरे ठिपके असलेलं हरीण — जंगलातही आता क्वचितच दिसणारं. घाबरलं की मागचे खूर जमिनीवर आपटतं, टक टक टक टक, थांबायचं नाव नाही. आमच्या नराला तर ती खोडच होती. मी नुसता झाडू घेऊन दिसलो तरी सुरू! तो म्हातारपणाने गेला, मादी एकटी उरली. आता पिल्लं कुठली, म्हणून मी पार खचलो होतो.

दोन महिन्यांनी, फेब्रुवारीत, साहेबांची पाहणी ठरली. पाहणी म्हटलं की आमचं एकच — पिंजरा चकाचक! त्या दिवशी सकाळीच मादीला तपासणीसाठी दवाखान्यात नेलं होतं. मी आणि झाडलोट करणाऱ्या शालनताईंनी तिच्या पिंजऱ्यातला पालापाचोळा टोपल्या भरभरून बाहेर काढला, ढीग घातला. सकाळचे साडेदहा. मी काडी ओढली...

टक टक टक टक!

आवाज शेजारच्या, नराच्या पिंजऱ्यातून. बाहेरून कुलूप, आत कोणी नाही.

"ऐकलासा?" शालनताईंचा चेहरा पांढराफटक. "त्यो तर मेलाय की वो!"

काडी बोटाला चटका देऊन विझली. दुसरी ओढली, तर आवाज दुप्पट.

"पेटवू नगासा! आधी पाला बघा!" त्या ओरडल्या.

मी हातांनी ढीग उपसला. तळाशी ओंजळीत मावेल एवढं पिल्लू, डोळे उघडे, जरासुद्धा हलत नव्हतं. ही पिल्लं भीतीने पळत नाहीत, पाल्यात गप्प पडून राहतात... आणि आम्ही त्याला पाल्यासकट टोपलीत भरलं होतं. मादी गाभण होती हेच आम्हाला कळलं नव्हतं! मी तिथेच बसून रडलो. आवाज कधी थांबला, दोघांच्याही ध्यानात नाही.

पाला जाळणं त्या दिवसापासून बंद झालं. पिल्लू मादी निघालं. मोठी झाल्यावर जोडी जमवायला तिला दुसऱ्या शहरातल्या प्राणीसंग्रहालयात पाठवलं.

त्या आवाजाचं म्हणाल तर पाण्याचा पाइप, पत्रा, उंदीर... सगळं तपासून झालं. उत्तर आजही नाही. पण काही वर्षांनी तिकडच्या कीपरचा फोन आला, "दादा, तुमची पोरगी आज तिसऱ्यांदा बाळंत झाली." मी फोन तसाच ठेवला आणि शालनताईंना हाका मारत सुटलो.